‘शक्तिमान’ मालिकेतील हेतू आणि नियती : एक धम्मदृष्टी

यंदाच्या वर्षावासात कागल येथील एका विहारातील बालवर्गापुढे अंगुलिमालाची कथा सांगण्याचा योग आला. कथा संपली, मुलांचे प्रश्न सुरू झाले, तेव्हा चौथीत शिकणाऱ्या एका मुलाने उभे राहून विचारले, ‘‘सर, बाबासाहेब बी शक्तिमानागतच हुते न्हवं?’’ वर्गातील मोठी मुले हसली. त्या मुलाने ‘शक्तिमान’ ही जुनी मालिका वडिलांच्या मोबाइलवर पाहिली होती. त्याच्या प्रश्नात अनादर नव्हता. आपल्या मनातील सर्वांत मोठ्या माणसासाठी त्याने आपल्याजवळची सर्वांत मोठी उपमा वापरली होती. परंतु त्या उपमेत एक गृहीतक दडलेले होते. बाबासाहेब जन्मतःच आपल्यापेक्षा निराळे होते, त्यांच्या ठायी मुळातच एक शक्ती होती आणि म्हणून ते जे झाले ते होणारच होते, हे ते गृहीतक. लहान मुलाने ते बोलून दाखवले. आपल्या सभांतून मोठी माणसे तेच निराळ्या शब्दांत बोलत असतात. म्हणून या मालिकेचा विचार धम्मविषयक नियतकालिकात करणे अप्रस्तुत ठरणार नाही, असे वाटते.

‘शक्तिमान’ ही मालिका दूरदर्शनवर 13 सप्टेंबर 1997 रोजी सुरू झाली आणि मार्च 2005 पर्यंत चालली. दिनकर जानी यांचे दिग्दर्शन आणि मुकेश खन्ना यांची निर्मिती व प्रमुख भूमिका असलेल्या या मालिकेने भारतातील एका संपूर्ण पिढीचे बालपण व्यापले. 2020 च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ती पुन्हा दाखवली आणि दुसऱ्या पिढीशी तिची ओळख झाली. प्रस्तुत लेखकही पहिल्या पिढीतलाच. मालिका सुरू झाली तेव्हा शाळा संपत आली होती, तरी रविवारी दुपारी ज्याच्या घरी दूरदर्शन संच असेल त्याच्या सोप्यात दाटीवाटीने बसलेल्या मुलांमध्ये आम्हीही असू. तेव्हा जे नुसते आवडले त्याची तपासणी करण्याचे वय आता झाले आहे. ही तपासणी द्वेषाने करण्याचे कारण नाही. मुलांसाठी स्वदेशी वीरनायक उभा करावा, त्याने मारामारीबरोबर सदाचारही शिकवावा, हा निर्मात्याचा हेतू चांगला होता. प्रश्न आहे तो मालिकेतील पात्रांच्या हेतूंचा. ही पात्रे जे करतात ते का करतात? त्यांना दुसरे काही करता आले असते काय?

निवडलेला नायक

कथानकाचा सांगाडा सर्वपरिचित आहे. जगात अंधाराचे साम्राज्य पसरवू पाहणारा तमराज किलविष आणि त्याच्याशी लढण्यासाठी सूर्यांशी ऋषींनी निवडलेला पुरुष, असा हा संघर्ष आहे. योगसाधनेने कुंडलिनी जागृत होऊन, सात चक्रे आणि पंचमहाभूते यांच्या सामर्थ्याने तो पुरुष शक्तिमान बनतो. लोकांत वावरताना तो एका वृत्तपत्राचा वेंधळा छायाचित्रकार असतो आणि त्याचे नाव पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री असे असते. हे लांबलचक नाव मुलांना हसवण्यासाठी योजलेले आहे, हे खरे. परंतु विनोदासाठी नाव निवडतानाही समाजाची सवय काम करीत असते. त्या नावाचा आरंभ ‘पंडित’ या शब्दाने होतो आणि शेवट ‘शास्त्री’ या शब्दाने. जगाचे रक्षण करणारा पुरुष सूर्याच्या अंशाचा असावा आणि त्याचे लौकिक रूप पंडिताचे असावे, ही कल्पना लेखकाला सहज सुचली, तिच्यासाठी कसलाही खटाटोप करावा लागला नाही. विचार करण्याजोगी गोष्ट हीच आहे.

आणखी एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. बी. आर. चोप्रा यांच्या 1988 मध्ये सुरू झालेल्या ‘महाभारत’ मालिकेत मुकेश खन्ना यांनी भीष्माची भूमिका केली होती, तर किलविषाची भूमिका करणारे सुरेंद्र पाल त्यात द्रोणाचार्य होते. नटांच्या जुन्या भूमिकांचे ओझे नव्या पात्रांवर लादणे न्यायाचे नाही. तरीही प्रेक्षकाच्या स्मृतीत ही पात्रे एकमेकांना चिकटून राहतात. भीष्माचे सारे आयुष्य एका प्रतिज्ञेने आधीच ठरवून टाकलेले आहे. भर सभेत अन्याय घडताना तो मौन पाळतो, आणि तरीही थोर ठरतो. एकलव्याचा अंगठा मागणारे द्रोणाचार्य तर आपल्या वाचकांना निराळे सांगावयास नकोतच. जन्माने आणि वचनाने बांधलेल्या माणसांच्या त्या जगातूनच शक्तिमानाचे जग पुढे आलेले आहे.

शक्तिमान सज्जनांचे रक्षण का करतो, या प्रश्नाला मालिकेत एकच उत्तर मिळते : त्यासाठीच त्याची निवड झाली आहे. त्याच्या कथेला पूर्वजन्माचा धागाही जोडलेला आहे. त्यामुळे या जन्मी त्याने काही ठरवावे, अशी जागाच शिल्लक राहत नाही. अमेरिकेतील वीरनायकांच्या कथांशी तुलना केल्यास हा फरक लक्षात येतो. 1938 मध्ये अवतरलेला सुपरमॅन परग्रहावरून आला म्हणून बलवान आहे, तेव्हा तोही जन्मसिद्धच म्हणावा लागेल. परंतु 1962 मधील स्पायडरमॅनची गोष्ट वेगळी आहे. अंगी शक्ती आल्यावर तो प्रथम स्वार्थीपणाने वागतो, समोरून पळणाऱ्या चोराला अडवत नाही आणि पुढे तोच चोर त्याच्या काकांचा खून करतो. पश्चात्तापातून त्याच्या कार्याचा हेतू जन्मतो. कथा बाळबोधच आहे, पण तिच्यात एक चूक आहे, त्या चुकीची जाणीव आहे आणि जाणिवेतून घेतलेला निर्णय आहे. पालि परिभाषेत सांगावयाचे तर तिच्यात चेतना आहे. चेतना म्हणजेच कम्म, असे तथागतांनी अंगुत्तर निकायातील निब्बेधिक सुत्तात स्पष्ट केले आहे. जेथे चेतनेला वाव नाही तेथे पुण्यही नाही आणि पापही नाही. तेथे केवळ घटना असतात.

येथे मालिकेवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. शक्ती साधनेने मिळते, असेही ती सांगते. हा विचार निवडीच्या कल्पनेला छेद देणारा आहे. साधना करील त्याला शक्ती मिळत असेल तर सूर्यांशींच्या निवडीची गरज काय? आणि निवड झालेल्यालाच ती मिळत असेल तर साधनेचा महिमा कशासाठी? मालिकेने हा पेच सोडवला नाही. तो तिच्या लक्षातही आला नसावा. कारण आपल्या समाजात ‘ज्याचा अधिकार असेल त्यानेच तप करावे’ हा पेच फार पूर्वीपासून सोडवून ठेवलेला आहे. शंबुकाची कथा ज्यांना ठाऊक आहे त्यांना अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

ऋद्धीचे स्थान

आकाशातून उडणे, भिंतीतून आरपार जाणे, एकाचे अनेक होणे, पाण्यावरून चालणे या गोष्टी पालि साहित्याला नव्या नाहीत. दीघ निकायातील सामञ्ञफल सुत्तात इद्धिविधेची हीच यादी आढळते. मात्र त्या शक्तीला बुद्धांनी कोणते स्थान दिले, हे पाहणे उद्बोधक आहे. केवट्ट सुत्तात नालंदेचा एक गृहपती तथागतांना विनंती करतो की, आपल्या एखाद्या भिक्षूने चमत्कार दाखवावा, म्हणजे लोकांची श्रद्धा वाढेल. तथागत त्याला नकार देतात. चमत्कार पाहून श्रद्धावंत भारावेल आणि अश्रद्ध माणूस ती एक विद्या आहे, जादू आहे असे म्हणेल. दोघांच्याही जीवनात त्यामुळे काही बदलणार नाही. ऋद्धीचा चमत्कार, परचित्त ओळखण्याचा चमत्कार आणि अनुशासनाचा चमत्कार अशा तीन प्रकारांपैकी बुद्धांनी स्वीकारला तो तिसरा. माणसाला शिकवून त्याच्यात घडणारा बदल हाच खरा चमत्कार. विनयपिटकातील चुल्लवग्गात पिण्डोल भारद्वाजाची कथा आहे. राजगृहाच्या श्रेष्ठीने उंचावर टांगलेले चंदनाचे पात्र त्याने ऋद्धीच्या बळावर खाली आणले, तेव्हा बुद्धांनी त्याची कानउघाडणी केली, ते पात्र फोडायला लावले आणि गृहस्थांपुढे ऋद्धी दाखवण्यास भिक्षूंना मनाई केली.

या मनाईमागे मोठी सामाजिक दृष्टी आहे. शक्तीचे प्रदर्शन पाहणारा माणूस प्रेक्षक बनतो आणि प्रेक्षक वाट पाहू लागतो. ‘शक्तिमान’ लोकप्रियतेच्या शिखरावर असताना, तो वाचवायला येईल या भरवशावर मुले स्वतःला धोक्यात घालत असल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून छापून आल्या. त्या बातम्यांच्या खरेपणाविषयी पुढे वाद झाला, त्यामुळे त्यांच्या आधारे कोणाला दोष देणे योग्य होणार नाही. कार्यक्रमातूनही मुलांना अनुकरण न करण्याचे आवाहन करण्यात आले होते. परंतु आवाहन करावे लागले, यातच कथेच्या रचनेतील उणीव दिसते. संकटात सापडलेल्या माणसाने हाक मारावी आणि कोणीतरी आकाशातून यावे, हेच प्रत्येक भागाचे सूत्र होते. आत्मदीप होण्याचा उपदेश मिळालेल्या समाजाने या सूत्राकडे सावधपणे पाहिले पाहिजे.

किलविष आणि मार

नायकाला हेतू नाही, तसा खलनायकालाही नाही. ‘तमराज’ म्हणजे अंधाराचा राजा. ‘किलविष’ या नावात संस्कृत ‘किल्बिष’ हा शब्द स्पष्ट ऐकू येतो. त्याचा अर्थ पाप, अपराध असा असून पालीत त्याचे रूप ‘किब्बिस’ असे होते. म्हणजे नाव ठेवतानाच या पात्राचा निकाल लावलेला आहे. त्याला अंधार का हवा आहे? त्याचे कोणी काही हिरावून घेतले काय? त्याला कोणाचे भय आहे, कोणाचा मत्सर आहे? मालिका या प्रश्नांत शिरत नाही. त्याच्या सेवेत डॉक्टर जॅकॉल नावाचा विक्षिप्त शास्त्रज्ञ आहे. योगी प्रकाशाच्या बाजूला आणि प्रयोगशाळा अंधाराच्या बाजूला, ही विभागणीही विवेकवादी वाचकाला खटकल्याशिवाय राहत नाही.

बौद्ध साहित्यात अंधाराच्या या प्रतिनिधीला मार म्हणतात. संयुत्त निकायातील मारसंयुत्त वाचताना ध्यानात येते की, त्या कथांत माराशी युद्ध होत नाही. तो कधी हत्तीचे, कधी सर्पाचे, कधी शेतकऱ्याचे रूप घेऊन येतो, शंका पेरतो, भय घालतो. तथागत त्याला केवळ ओळखतात. आपण ओळखले गेलो हे कळताच तो खिन्न होऊन नाहीसा होतो. मार बाहेर आहे तितकाच आत आहे आणि त्याचा पराभव ओळखण्याने होतो, बाहुबलाने होत नाही.

याहून विलक्षण गोष्ट मज्झिम निकायातील मारतज्जनीय सुत्तात आहे. तेथे माराला दटावणारे महामोग्गल्लान त्याला सांगतात की, पूर्वी एका काळी मी स्वतःच दूसी नावाचा मार होतो. ऋद्धिमंतांत अग्रगण्य मानला गेलेला हा महाथेर, ज्याला आजच्या भाषेत संघातील सर्वांत सामर्थ्यवान पुरुष म्हणता येईल, तो म्हणतो की तुझ्या जागी मी होतो. पुनर्जन्माच्या या भाषेचा अर्थ आधुनिक वाचकाने कसाही लावावा, त्यातील नैतिक आशय निःसंदिग्ध आहे. दुष्टपणा ही कोणाची जात नाही. ती एक अवस्था आहे आणि तीतून बाहेर पडता येते. ‘शक्तिमान’मध्ये शक्तिमानाने किलविषाला असे कधी म्हटले असते, तर ती मालिका एका क्षणात मोठी झाली असती.

तम आणि ज्योती

अंधार आणि प्रकाश यांचे रूपक वापरणारे एक महत्त्वाचे सुत्त संयुत्त निकायाच्या कोसलसंयुत्तात आहे. राजा पसेनदीला बुद्ध चार प्रकारची माणसे सांगतात : अंधारातून अंधाराकडे जाणारा, अंधारातून प्रकाशाकडे जाणारा, प्रकाशातून अंधाराकडे जाणारा आणि प्रकाशातून प्रकाशाकडे जाणारा. हे सुत्त आपल्या वाचकाला अस्वस्थ करणारे आहे, कारण त्यात अंधाराचे उदाहरण म्हणून चांडाळ, निषाद, पुक्कुस अशा कुळांतील दरिद्री जन्म सांगितला आहे. आपल्या पूर्वजांच्या जन्माला कोणी ‘अंधार’ म्हटले की मन दुखावते. ते दुखावणे झाकून ठेवू नये. तथापि सुत्ताची रचना काळजीपूर्वक पाहिली पाहिजे. त्यात जन्माचे वर्णन उपासमारीच्या, वस्त्रान्नाच्या टंचाईच्या आणि व्याधींच्या शब्दांत येते. म्हणजे हा अंधार परिस्थितीचा आहे, रक्ताचा नाही. आणि माणसाचे मोल ठरवताना सुत्त ‘कोठून’ यापाशी थांबत नाही, ‘कोठे’ हे विचारते. सुत्तात ही गती मरणोत्तर लोकांच्या भाषेत सांगितली आहे, परंतु ती ठरते काया, वाचा आणि मन यांच्या आचरणाने. क्षत्रिय आणि ब्राह्मण कुळातला माणूसही तेथे अंधाराकडे जाऊ शकतो.

13 ऑक्टोबर 1935 रोजी येवले येथे बाबासाहेबांनी केलेली घोषणा या रचनेशी ताडून पाहावी. हिंदू म्हणून जन्मणे आपल्या हाती नव्हते, पण हिंदू म्हणून मरणे आपण नाकारतो, हा त्या घोषणेचा आशय. ‘कोठून’ हे माझ्या हाती नाही, ‘कोठे’ हे माझ्या हाती आहे. 14 ऑक्टोबर 1956 पर्यंतची पुढील 21 वर्षे या एका निर्धाराचा विस्तार आहे. नियतीला उत्तर देण्याची याहून स्पष्ट रीत सांगता येणार नाही.

बुद्धकाळी नियतीचे तत्त्वज्ञान मांडणारा आचार्य म्हणजे मक्खली गोसाल. सुताचा गुंडा फेकला की तो उलगडत जाऊन जेथे संपायचा तेथेच संपतो, त्याप्रमाणे मूर्ख आणि शहाणे सारखेच फिरत राहून शेवटाला जातात, असे त्याचे मत सामञ्ञफल सुत्तात नोंदलेले आहे. अंगुत्तर निकायातील तित्थायतन सुत्तात बुद्धांनी तीन मते खोडून काढली आहेत. सर्व काही पूर्वकर्माने घडते, सर्व काही ईश्वराने निर्मिले आहे आणि सर्व काही अकारण घडते, ही ती तीन मते. त्यांचा आक्षेप असा की, ही मते मानली तर इच्छेला, प्रयत्नाला आणि ‘हे करावे, हे करू नये’ या विवेकाला आधारच उरत नाही. ‘शक्तिमान’ मालिकेत यांपैकी पहिल्या दोन मतांचे मिश्रण आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माच्या सिद्धांतावर जो कठोर प्रहार केला, त्याचे कारणही हेच आहे. माणसाच्या दैन्याचे मूळ त्याच्या गतजन्मात दाखवले की समाज आणि राज्य दोघेही जबाबदारीतून मोकळे होतात.

आपल्याच घरातील नियती

येथवरची टीका दुसऱ्यांच्या कथेवर झाली. आता आपल्या घराकडे वळले पाहिजे, कारण नियतीचा मोह बौद्ध वाङ्मयालाही चुकलेला नाही. ज्या अंगुलिमालाची कथा त्या दिवशी मुलांना सांगितली, तिचेच उदाहरण घेऊ. मज्झिम निकायातील मूळ सुत्तात तो एक क्रूर दरोडेखोर आहे. तो तथागतांच्या मागे धावतो, त्यांना गाठू शकत नाही, थांबण्यास सांगतो, आणि आपण तर थांबलोच आहोत, थांबायचे आहे ते तुला, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळते. तो शस्त्र टाकतो. एवढेच. त्यानंतरच्या अट्ठकथेत मात्र त्याच्या जन्माची मोठी कथा येते. पुरोहिताच्या घरी, चोरांच्या नक्षत्रावर त्याचा जन्म झाला, त्या रात्री नगरातील शस्त्रे चमकली, पुढे तक्षशिलेत सहाध्यायांनी मत्सराने गुरूचे कान भरले आणि गुरूने दक्षिणा म्हणून बोटे मागितली. ही कथा रंजक आहे, पण तिने सुत्ताची धार बोथट केली आहे. सुत्तातील अंगुलिमाल स्वतः वाईट होता आणि स्वतः बदलला. अट्ठकथेतील अंगुलिमालाला नक्षत्राने आणि गुरूने वाईट केले. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात ही कथा घेताना नक्षत्राला थारा दिला नाही, याचे मर्म येथे ध्यानात येते.

याहून मोठे उदाहरण स्वतः सिद्धार्थांच्या गृहत्यागाचे. वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्ये देवांच्या योजनेने दिसली आणि राजपुत्र घर सोडून गेला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. दीघ निकायात ही चार दृश्ये महापदान सुत्तात येतात, पण ती विपस्सी बुद्धांविषयी. गौतमांच्या बाबतीत सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्त काही निराळेच सांगते. थोड्या पाण्यात तडफडणाऱ्या मासळ्यांप्रमाणे माणसे परस्परांशी झगडताना पाहून आपल्या मनात भय उपजले, असे तेथे बुद्ध स्वतः सांगतात. धर्मानंद कोसंबी यांनी या सुत्ताकडे लक्ष वेधले होते. बाबासाहेबांनी 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात चार दृश्यांची कथा तर्काला न पटणारी म्हणून बाजूला सारली आणि शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हे गृहत्यागाचे कारण म्हणून मांडले. सिद्धार्थ संघाच्या सभेत युद्धाला विरोध करतात, बहुमत विरुद्ध जाते, आणि कुटुंबावर आपत्ती येऊ नये म्हणून ते देशत्याग पत्करतात.

वाङ्मयविचाराच्या दृष्टीने पाहता हा बदल क्रांतिकारक आहे. असित ऋषींची भेट बाबासाहेबांनी ग्रंथात ठेवली आहे, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. परंतु कथेला पुढे नेणारी शक्ती भविष्यवाणी राहत नाही. पाणी, युद्ध, मतदान आणि एका तरुणाचा निर्णय या गोष्टी तिला पुढे नेतात. नियतीच्या जागी हेतू आला. देवांनी पाठवलेल्या दृश्यांऐवजी पाण्यावरून भांडणारी माणसे आली. आणि 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्या पुरुषाने बुद्धचरित्राच्या आरंभी पाण्याचा तंटा ठेवावा, यात केवळ संशोधकाची चिकित्सा नाही, जगलेल्या जीवनाची साक्षही आहे.

‘सॉरी शक्तिमान’

मालिकेत नियती विसरली गेली अशी एक जागा आहे. प्रत्येक भागाच्या अखेरीस मुलांसाठी छोटा उपदेशपर भाग असे. त्यात एखाद्या मुलाच्या हातून लहानशी चूक होई, शक्तिमान त्याला समजावी आणि मूल त्याची क्षमा मागे. दात न घासणे, खोटे बोलणे, कचरा कोठेही टाकणे असे ते विषय. मोठ्यांनी या भागाची थट्टा केली. परंतु मालिकेतील खरी नैतिक घटना तेथेच घडत असे, असे म्हणावेसे वाटते. तेथे मुलाला निवड करता येत होती. चूक त्याची होती, कबुलीही त्याची आणि सुधारणाही त्याचीच.

मज्झिम निकायातील अम्बलट्ठिक राहुलोवाद सुत्त याच जातीचे आहे. लहान राहुलाला बुद्ध आरशाचे उदाहरण देतात. आरसा जसा पाहण्यासाठी असतो तसे कर्म पुन्हा पुन्हा पाहून करावे. करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर, त्यातून स्वतःला वा इतरांना पीडा होते काय हे तपासावे. चूक झाली असेल तर शास्त्यापुढे किंवा जाणत्या सोबत्यापुढे ती उघड करावी आणि पुढे संयम पाळावा. फरक एवढाच की, शक्तिमानापुढे मूल क्षमा मागून मोकळे होते, तर राहुलाला कर्मापूर्वीच थांबून पाहायला शिकवले जाते. एकाला रक्षक मिळतो, दुसऱ्याला आरसा.

मालिकेतील गीता विश्वास ही वार्ताहर स्त्रीदेखील याच अंगाने लक्षात राहते. तिच्याजवळ चक्रे नाहीत, पंचमहाभूतांचे बळ नाही. तरी बातमीचा माग काढत ती संकटात शिरते. तिचे धैर्य तिचे स्वतःचे आहे. मालिकेने तिला पुनःपुन्हा वाचवून घेण्याच्या भूमिकेत ठेवले, हे दुर्दैव.

उपसंहार

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे परत येऊ. कागलच्या मुलाला उत्तर देण्यासाठी दूर जावे लागत नाही. 21 व 22 मार्च 1920 रोजी तेव्हाच्या कागल जहागिरीतील माणगाव येथे बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्ष होते 28 वर्षांचे डॉ. आंबेडकर. त्यांचे ‘मूकनायक’ जानेवारीअखेरीस नुकतेच सुरू झाले होते. कागलकर घाटगे घराण्यात जन्मलेले राजर्षी शाहू महाराज तेथे आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी लाभला आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. या प्रसंगाकडे दोन प्रकारांनी पाहता येते. ती एक भविष्यवाणी होती, असे म्हटले की असित ऋषींची कथा पुन्हा तयार होते. ती एका अनुभवी राज्यकर्त्याने अभ्यास, कष्ट आणि निर्धार पाहून दिलेली पारख होती, असे म्हटले की इतिहास तयार होतो. शाहू महाराजांना गादी 1884 मध्ये दत्तक विधानाने मिळाली, ती त्यांनी निवडली नव्हती. परंतु 26 जुलै 1902 रोजी मागासलेल्या वर्गांसाठी शेकडा 50 जागा राखून ठेवणारा हुकूम काढला, तो मात्र त्यांचा निर्णय होता. गादी जन्माच्या योगाने आली, हुकूम चेतनेतून आला.

स्वतः बाबासाहेबांनी या प्रश्नाचा विचार 1943 मध्ये पुण्यात रानड्यांच्या जयंतीनिमित्त दिलेल्या व्याख्यानात केला होता. इतिहास थोर पुरुष घडवतात की परिस्थिती, याची चर्चा करताना त्यांनी परिस्थितीचे बळ मान्य केले, परंतु गारगोटीवर गारगोटी घासून अग्नी पाडायला माणूसच लागतो, असे प्रतिपादन केले. त्याच व्याख्यानात विभूतिपूजेचा धोकाही त्यांनी दाखवला, आणि 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत राजकारणातील भक्तीविषयी पुन्हा इशारा दिला. बावीस प्रतिज्ञांमध्ये बुद्धाला विष्णूचा अवतार मानण्याचे नाकारले आहे. अवतार नाकारायचा आणि आपल्या उद्धारकर्त्याला मात्र जन्मसिद्ध अलौकिक पुरुष ठरवायचे, ही विसंगती आहे. त्यामुळे त्यांच्या अभ्यासाच्या रात्रींचे, बडोद्यात सोसलेल्या अपमानाचे, चुकलेल्या आणि सुधारलेल्या डावपेचांचे मोल कमी होते. शिवाय त्यांचे अनुयायी प्रेक्षक बनतात आणि दुसऱ्या कोणाच्या येण्याची वाट पाहू लागतात. आपल्या चळवळीचा गेल्या काही दशकांचा अनुभव आठवला, तर हे भय काल्पनिक वाटणार नाही.

त्या मुलाला एवढेच सांगितले की, शक्तिमानाला शक्ती दिली गेली, बाबासाहेबांनी ती एकेक पुस्तक वाचून मिळवली. शक्तिमान आपल्याला उचलून नेतो, बाबासाहेबांनी आपल्याला चालायला लावले. मूल थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘म्हंजे मलाबी अभ्यास कराय लागंल.’’ वर्गातील मुले पुन्हा हसली. या वेळी तोही त्यांच्यात हसत होता.